वाढव आता

६ जाने., मंगळ.
प्राचार्यांची नवी टूम. 'अपूर्ण वाचन.' प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच मंचावर, ज्याने त्याने आपलं अर्धवट राहिलेलं लेखन वाचायचं. सल्ला नाही, टीका नाही, फक्त ऐकायचं. कुठल्याशा शहरातल्या कॉलेजात बघून आले. कल्पना चांगली आहे, म्हणूनच काळजी वाटते. आमच्याकडे चांगल्या कल्पनेची शेवटी रांगोळी आणि शाल-श्रीफळ होते.

मोठ्या सरांनी (आमचे विभागप्रमुख, तोंडावर नुसते सर, वहीत मो. स.) लगेच मान डोलावली. कामांची वाटणी अशी: ते अध्यक्ष. बॅनर, माईक, जेवण, सूत्रसंचालन, अहवाल मी. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं म्हणजे मी काही लिहीत नाही हे ठरूनच गेलं. तासावरची बाई लिहून लिहून काय लिहिणार. जूनमध्ये मला परत घ्यायचं की नाही ते त्यांच्या सहीवर, त्यामुळे मी 'हो सर' म्हणून वही मिटली.

९ जाने., शुक्र.
मुलांची नावं घेतली. बहुतेकांचा पहिला प्रश्न, सर्टिफिकेट मिळणार का. दुसरा, जेवण आहे का.

एस. वाय.ची भाविका तास संपल्यावर दाराशी उभी. धाकटी डहाणू गावची. आई स्टेशनबाहेरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. वर्गात ही पोरगी कधी तोंड उघडत नाही. म्हणाली, "मॅडम, माझं खरंच अर्धं हाय. चालेल?"
म्हटलं, तेच तर हवंय.
"नाय, म्हणजे पुढे काय होतं ते मलाच माहीत नाय."
इतकं खरं बोलणारं माणूस या इमारतीत बऱ्याच दिवसांनी भेटलं.

१६ जाने., शुक्र.
बॅनर आला. वर मोठ्या अक्षरात 'अन्नपूर्णा वाचन'. कोपऱ्यात हातात पळी घेतलेली देवी, खाली कमळं. हितेशभाईंच्या दुकानात धावत गेले. ते शांत. "बेन, अपूर्ण असा कोण छापते? शुभ नाय. तुमी घाईत लिवला असेल, मी सुधारून टाकला."
दुसरा छापायला वेळ नाही. मो. स. ना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, राहू दे, साहित्य हे मनाचं अन्नच असतं. हे वाक्य उद्या भाषणात येणार, लिहून ठेवते.

१७ जाने., शनि.
आलं. अगदी त्याच शब्दांत.

आता क्रमाने लिहिते, नाहीतर नुसती चरफडत बसेन.

पाहुणे मुंबईहून, एका मासिकाचे संपादक. म्हातारे. खुर्चीत बसले आणि डोळे मिटले ते मिटलेच. सगळ्यांना वाटलं झोपले.

प्राचार्यांनी आईवरची कविता वाचली. पूर्ण. दर स्नेहसंमेलनाला वाचतात तीच. कॉमर्सच्या सावेंनी गझल वाचली, म्हणाले शेवटचा शेर अजून सुचायचाय, आणि टाळ्या पडल्यावर तो शेरही म्हणून दाखवला. मो. स. नी पुस्तकातूनच वाचलं. छापलेल्या पुस्तकातून. वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, एवढाच काय तो संकोच. मध्ये मध्ये थांबून कपाळाला हात लावत होते, जणू वाक्य आत्ता सुचतंय.  अपूर्ण म्हटलं की टीका करता येत नाही, हे सगळ्यांना बरोबर कळलं होतं.

बारा वाजता ठरलेलं मुलांचं वाचन एकला सुरू झालं. तोवर व्हरांड्यात पुलावाची भांडी आली होती. झाकणं वाजत होती. मुलांनी घाईघाईत वाचलं. भाविका शेवटची.

मोबाइलवरून वाचलं तिने, मान खाली. तिच्या आईच्या दुकानावर एक बाई येते. दर सोमवारी. सोमवारी सुकं कोण घेतं? बाजार मोकळा असतो. ती बाई एकेक बोंबील उचलते, डोक्याकडून हुंगते, परत ठेवते. सगळी रास होईपर्यंत. साडी चांगली, हातात सोन्याच्या बांगड्या. काही विकत घेत नाही, बोलत नाही. आणि हिची आई, जी चार वेळा भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दगड मारायला कमी करत नाही, ती या बाईला काही म्हणत नाही. उलट ती यायच्या आधी चांगले बोंबील वर काढून ठेवते. एवढं वाचलं आणि म्हणाली, "एवढंच झालंय."

  हॉलभर पंख्याचा आवाज ऐकू आला.

तेवढ्यात मो. स. नी दाराकडे, भांड्यांकडे पाहिलं. "छान. वाढव आता," म्हणाले आणि तळहात पालथा करून खाली दाबला, दुकानाचं शटर ओढतात तसा. मग मला, "आभार उरक."

भाविका बसली. मी आभार मानले. बॅनरवाल्या हितेशभाईंसकट सगळ्यांची नावं घेतली. तिचं घ्यायला विसरले नाही एवढंच. पुलावात मीठ नव्हतं.

१९ जाने., सोम.
स्टाफरूममध्ये दिवसभर एकच खेळ: ती बाई कोण. कुणाला कथेशी देणंघेणं नाही. बोंबील कसे हुंगतात, आई का गप्प बसते, यावर कुणी अवाक्षर नाही. बाई कोण, एवढंच.

सावे म्हणाले, "सोमवारी ना? अहो, मग आमच्या बिल्डिंगमधलीच. माहेर किनाऱ्यावरचं, पळून जाऊन लग्न केलंय. सासरी कांदा-लसूणसुद्धा चालत नाही. सोमवारी सासू देवळात असते दिवसभर." आणि असे हसले की समोरचा चहा हिंदकळला. "शनिवारीच सांगितलं मिसेसला."
मी म्हटलं, सर, गोष्ट आहे ती.
"गोष्टच की. आम्ही कुठे काय म्हणतोय."
मी डबा न खाता उठले.

२३ जाने., शुक्र.
भाविका या आठवड्यात एकदाही नाही. मैत्रिणीला विचारलं. "मॅडम, ती म्हणते सर म्हणाले ना वाढव, मग वाढवली. लिवायची बंद."

दुकान वाढवलं, दिवा वाढवला, तशी गोष्ट वाढवली. बाजारातल्या घरात वाढलेल्या पोरीला त्या शब्दाचा दुसरा अर्थ का सुचावा? आणि तिचं चुकलं कुठे? त्यांना तेच म्हणायचं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, त्यांचा हात पाहिला.

घरी दादांना (वडिलांना) सांगितलं. ते वाडीतून चिकू उतरवून आले होते, हात चिकाने काळे. म्हणाले, "तू मध्ये पडू नको. तासावरची माणसं असं बोलत नाहीत." दादांचंही खरं आहे, आणि त्याचाही राग आला.

२७ जाने., मंगळ.
म्हातारे झोपले नव्हते.

प्राचार्यांना त्यांचा फोन. त्या मुलीची गोष्ट मासिकात घ्यायचीय, पूर्ण झाल्यावर पाठवा, घाई नाही. शिक्षकांपैकी कुणाबद्दल चकार शब्द नाही. प्राचार्यांनी हे स्पीकरवर ऐकवलं आणि मो. स. चा चेहरा मी बघत राहिले. आधी पडला. मग सावकाश वर आला. मग म्हणाले, "मी तिला तिथल्या तिथे सांगितलं होतं ना, वाढव आता म्हणून. सगळ्यांसमोर."

 एकाच वाक्याने दुकान बंदही केलं आणि दुसरी शाखाही उघडली. मराठी शब्दांच्या असल्या करामती मी वर्गात शिकवते, 'मंगल बोलणे' म्हणून. नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. उद्यापासून उदाहरण म्हणून मो. स. देईन.

संध्याकाळी अहवालात वाक्य घालायला लावलं: विभागप्रमुखांनी विद्यार्थिनीस कथा वाढविण्याची प्रेरणा दिली. मीच टाइप केलं. टाइप करताना बोटं धुवावीशी वाटली.

२९ जाने., गुरु.
मो. स. नी केबिनमध्ये बोलावून चार पानं दिली. त्यांच्या अक्षरात. भाविकाच्या गोष्टीचा शेवट. "मुलं अर्धवट सोडतात. तिला दे, तिच्या हाताने उतरवून घे. मार्गदर्शन म्हणून खाली माझं नाव येईलच."

एसटीत बसून वाचली. बाई मच्छीमाराची विधवा निघते. मुलगा समुद्रात गेलाय, ती बोंबलांत त्याचा वास शोधते. शेवटी भरती येते. 'अथांग' हा शब्द इतक्या वेळा की मोजवेना. बोंबील ओला की सुका हेही या माणसाला ठाऊक नाही, 'तडफडणारे बोंबील' लिहिलंय पाटीत. जन्म डहाणूत गेला, मासळीबाजारात नाकाला रुमाल लावून. शिसारी आली.

पानं पर्समध्ये आहेत. फाडावीत असं वाटतं, पण फाडत नाही. जून.

३१ जाने., शनि.
बाजारात गेले. सांगायचं काय ते वाटेत ठरवलं होतं: सरांना वाढव म्हणजे पुढे लिही असंच म्हणायचं होतं. खोटं, पण पोरगी लिहील तरी.

भाविका गोणपाटावर जवळा चाळत होती. मला पाहून उठली. मी ठरवलेलं बोलून टाकलं. तिने ऐकलं, आणि तळहात पालथा करून खाली दाबला. हुबेहूब. "मॅडम, हात असा केलेला त्यांनी."
मी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.
"आणि दुकान आमी रोज वाढवतो. सकाळी परत मांडतो. सरांच्या सांगण्यानं नाय बंद केली मी."
मग?
ती आईकडे बघायला लागली.

आईने तोवर एकदाही मान वर केली नव्हती. बोंबील लावत होती, डोकी एका बाजूला. आता म्हणाली, "तूच ती बाय काय? हिला वाचाया लावलंस ती?"
म्हटलं, हो.
"ती येत नाय आता. दोन सोमवार झाले."

भाविका म्हणाली, "आये, मी नाव नव्हतं घेतलं."
"नाव मी पण नाय घेतलं कधी. घरात पण नाय. नाव कशाला लागतंय? सोमवार सांगितलास ना."

 एक गिऱ्हाईक आलं, भाव झाला, गेलं. मला स्टाफरूम दिसत होती, सावेंचा हिंदकळणारा चहा दिसत होता. कुणीतरी मिसेसला सांगितलं, मिसेसने खालच्या मजल्यावर, आणि तिथून सासूच्या कानावर जायला कितीसा वेळ. सभ्य, शिकलेली, गझला लिहिणारी माणसं. एका बाईला आठवड्यातून एकदा हुंगायला मिळत होतं, तेवढंही बघवलं नाही.

जाताना भाविका चार पावलं आली. "पुढे काय होतं ते माहीत नव्हतं ना मला. आता हे झालं. हे लिवू काय?"
 पर्समधली पानं काढली नाहीत.

२ फेब्रु., सोम.
मो. स. ना पानं परत केली. म्हटलं, ती नाही म्हणते. (ती असं म्हणाली नव्हती, तिला दाखवलीच नाहीत.) आणि सांगितलं, सर, ती बाई खरी आहे, गावातली आहे, आपल्या वाचनामुळे तिचं येणं बंद झालंय. कृपा करून हे इथेच थांबू दे.
त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे वास्तवाचा आधार आहे. मग तर उत्तमच."

बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

७ फेब्रु., शनि.
तलासरीच्या कॉलेजनेही अपूर्ण वाचन ठेवलं. टूम पसरते आहे. आमचे आठ-दहा विद्यार्थी, मो. स. आणि मी, जीपने. सूत्रसंचालन इथेही माझ्याच गळ्यात, "तुम्हाला सवय आहे" म्हणून. भाविका आली नाही. ते बरंच झालं.

इथला बॅनर तरी बरोबर होता.

तलासरीच्या पोरांनी चांगलं वाचलं. एकाने पाड्यावरच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवर लिहिलं होतं, मध्येच अडकला, म्हणाला "पुढचं जमत नाही," आणि बसला. त्याला कुणी काही म्हटलं नाही. मला वाटलं, दिवस निभावेल.

मग मो. स. उठले. "माझी एक अपूर्ण कथा." पहिलं वाक्य: सोमवारी ती येत असे.

मी माईकच्या बाजूला उभी.  बांगड्या तशाच, हुंगणं तसंच, फक्त भाविकाच्या आईच्या जागी 'एक निरक्षर कोळीण' आणि शेवटी ती भरती. आमच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी ऐकली होती ती गोष्ट. सोमवार आता तलासरीपर्यंत पोचला. इथल्या कुणाचा कोण कुठे राहतो, मला काय माहीत.

अथांगवर संपलं. कपाळाला हात. "इथे अडलोय," म्हणाले.

मी माईक घेतला. ठरवून नाही, खरं सांगते. म्हटलं, "छान. वाढवा आता, सर." आणि तळहात पालथा करून खाली दाबला.

आमची मुलं मागच्या बाकांवरून खो खो हसली. तलासरीच्या प्राचार्यांना ते प्रोत्साहन वाटलं, त्यांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्या हॉलने वाजवल्या. टाळ्या आणि हसणं एकत्र. मो. स. टाळ्यांना मान लववत होते आणि माझ्या हाताकडे बघत होते. त्यांना कळलं. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, हेही लिहून ठेवते.

जीपमध्ये ते पुढे, मी मागे. चारोटीला वळलो. मग मान न वळवता, "जूनचं बघू."
 

८ फेब्रु., रवि.
आनंद उतरला. मी केलं काय? त्यांना टोचलं, झालं. बाईचा सोमवार परत आला का? नाही. दादांना सांगितलं नाही अजून. ते विचारत होते, चिकूच्या पाट्या मोजताना अशी गप्प का. डोकं दुखतंय म्हटलं.

संपादकांना फोन केला. कथा पूर्ण नाही, होईल की नाही सांगता येत नाही. म्हातारे म्हणाले, "नाही झाली तरी चालेल. मुलीला म्हणावं, घाई कुणाच्या सांगण्यावरून करू नको." आवाज खोल होता. डोळे मिटूनच बोलत असावेत.

९ फेब्रु., सोम.
तास संपल्यावर पाय आपोआप बाजाराकडे. कॉलेजात मो. स. नी माझ्याकडे पाहिलं नाही, सावेंनी मात्र "वाढवा आता" म्हणत डोळा मारला. त्यांना तो विनोद वाटतो. त्यांच्याकडे पाहिलं आणि मला माझ्याच वाक्याची किळस आली.

बाजार सोमवारचा, मोकळा. भाविकाच्या आईने मला पाहिलं आणि बाजूची पाटी पालथी घालून दिली. बसले. जवळा घेतला. एका वेगळ्या कागदावर बोंबील मांडलेले, निवडक, डोकी पुढे. एक माणूस त्याचा भाव विचारायला लागला तर ती म्हणाली, "ते विकायचे नाय."

भाविकाला संपादकांचं सांगितलं. ती नुसतं "हां" म्हणाली. तिने लिहिलंय का ते विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आजूबाजूच्या बायका उठल्या. गोणपाटं झटकली, पाट्या एकात एक गेल्या, दोऱ्या बांधल्या. "वाढवला गो आमी," असं म्हणत एकेक गेली. दिवे लागले. साडीतली कुठलीही बाई वळणावर दिसली की आम्ही तिघी मान वर करत होतो आणि परत खाली घालत होतो. माझी बोर्डीची एसटी गेली, हॉर्न ऐकू आला. उठले नाही.

भाविकाने जवळा बांधला, सोडे बांधले, वजनकाटा पिशवीत टाकला. तो एक कागद तेवढा उरला. तिने त्याच्या कडेला हात घातला.
"वाढव ना आये. काळोख झाला."
आईने तिचा हात बाजूला केला.
"थांब गो. सोमवार हाय अजून."